रविवारचे सॉसेज बिस्किट

इंदूरमध्ये राहून सकाळच्या न्याहारीला पोह्यांखेरीज दुसरे काही करायचे ठरवले, तर आधी घरच्यांना आणि मग शेजाऱ्यांना कारण सांगावे लागते. इथले पोहे कढईतून थेट बशीत येत नाहीत. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात ते सकाळभर वाफेवर मऊ राहतात, त्यांत बडीशेप असते, वर शेव, कांदा आणि जिरावन नावाचा चटपटीत मसाला पडतो आणि बाजूला जिलबी असतेच. या पोह्यांविषयी माझी कसलीही तक्रार नाही, आठवड्यातील सहा दिवस मी तेच खातो. पण गेली काही वर्षे थंडीच्या दिवसांत, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, रविवारी सकाळी रामबागेतील आमच्या घरात सॉसेज बिस्किट होते. ते धड जमायला मला दोन हिवाळे आणि एक वाया गेलेला उन्हाळा लागला, आणि जमले ते माझ्यापेक्षा आईमुळे, जिने त्यातील सॉसेजकडे आजवर डोळे वर करूनही पाहिलेले नाही.

बिस्किट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर चहात बुडवायची कुरकुरीत चकती येते, आणि शब्दाचे मूळ पाहिले तर आपलेच बरोबर आहे, कारण ज्या लॅटिन शब्दांवरून तो आला त्यांचा अर्थ ‘दोनदा भाजलेले’ असा आहे. माझे आजोबा महूच्या छावणीत कारकून होते. १८१८ सालच्या मंदसौरच्या तहानंतर वसलेल्या त्या छावणीतून साहेबांचे बिस्किट आमच्या घरात शिरले आणि त्याचा अर्थ तोच राहिला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र बिस्किट म्हणजे तळहाताएवढा, वरून सोनेरी, आतून मऊ आणि पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटणारा पाव. त्यात यीस्ट नसते, अंडे नसते आणि तो एकदाच भाजतात. तो आडवा उघडून मध्ये मसालेदार खिम्याची तळलेली चकती ठेवली, की झाले सॉसेज बिस्किट. तिथे हा कामावर जाणाऱ्या माणसाचा नाश्ता आहे, आपल्याकडे वडापाव आहे तसा, आणि तो कागदात गुंडाळलेला, गाडी चालवता चालवता एका हाताने खाल्ला जातो.

मी तो पहिल्यांदा खाल्ला उत्तर कॅरोलायनातील शार्लट या शहरात, जिथे मी कामानिमित्त सहा महिने होतो. बोजँगल्स या नावाची उपाहारगृहांची साखळी १९७७ साली याच शहरात सुरू झाली आणि सकाळी तिच्या खिडकीपाशी गाड्यांची रांग लागलेली असते. पण मनात राहिले ते एका सहकाऱ्याच्या घरचे बिस्किट. त्याच्या आईने पिठाच्या परातीत मधोमध खळगा केला, त्यात ताक ओतले आणि बोटांनी कडेचे पीठ आत ओढत हवे तेवढेच भिजवले; उरलेले कोरडे पीठ चाळून परत डब्यात गेले. तिने काहीही मोजले नाही. मी वही घेऊन बसलो होतो आणि वहीत शेवटी एकच वाक्य होते, ‘फार हात लावू नये.’ त्या वाक्याचा अर्थ मला इंदूरला परतल्यावर बऱ्याच उशिरा कळला.

पहिला प्रयत्न मी मे महिन्यात केला, हाच मूर्खपणा होता. बाहेर बेचाळीस अंश, स्वयंपाकघरात पंखा बंद, आणि आईने नुकतेच काढलेले ताजे लोणी. ते पिठात घालताक्षणी विरघळले, पीठ चिकट झाले, ते सावरायला मी आणखी मैदा घातला आणि वर पोळीची कणीक तिंबतात तसे पाच मिनिटे ते मनसोक्त मळले. भट्टीतून जे निघाले ते उंचीने आत टाकले तेवढेच होते आणि खाली पडले असते तर फरशीला टवका गेला असता. दुसऱ्या वेळी फुगवण्याच्या हौसेने सोडा दुप्पट घातला. बिस्किटे फुगली, पण पिवळट डागांची आणि साबणाच्या चवीची झाली. तिसऱ्या वेळी एका दुकानातून आणलेली बेकिंग पावडर इतकी जुनी निघाली की गरम पाण्यात चमचाभर टाकली तरी एक बुडबुडा वर आला नाही. तेव्हापासून पावडर उघडली की आधी गरम पाण्यात टाकून पाहतो. ती जोरात फसफसली तरच पुढे जातो.

हे सगळे आई शेजारच्या खोलीतून पाहत होती. आमच्या घरात मांसाहार होतो, पण आईने बारा वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून तो मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत होतो आणि सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी आणि सबंध श्रावण वगळून होतो, म्हणजे व्यवहारात रविवारीच होतो. भट्टी मात्र घरात आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, “त्यात अंडं आहे का?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग भाज खुशाल आत. तुझं ते दुसरं तेवढं मागं कर.” अशी वाटणी झाली आणि ती या पदार्थाला सोयीची आहे, कारण बिस्किट पूर्ण शाकाहारी असते आणि सॉसेज तव्यावर होते, दोघांची गाठ ताटातच पडते.

तिचा दुसरा प्रश्न अधिक कामाचा होता. चौथ्या वेळी मी पीठ मळत असताना ती आत आली, पिठाला बोट लावून पाहिले आणि म्हणाली, “अरे, तू मोहन घालतोयस की साटा लावतोयस? आधी ते ठरव.”

मराठी वाचकाला यापुढे फारसे सांगण्याची गरज नाही, तरीही सांगतो, कारण मला स्वतःला ते चार फसलेल्या घाण्यांनंतर उमगले. शंकरपाळ्यांना किंवा करंजीच्या पारीला आपण कडकडीत मोहन घालतो, ते पिठाला नीट चोळतो आणि मूठ वळते का ते पाहतो. पिठाच्या कणाकणाला तूप लागले की पाणी आतपर्यंत पोहोचत नाही, पिठाला चिवटपणा येत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. चिरोट्यांचे तंत्र याच्या उलट आहे. तिथे तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा पोळ्यांच्या मध्ये वेगळा थर म्हणून राहतो, पिठात मुरत नाही, आणि म्हणूनच तळताना पापुद्रे सुटतात. अमेरिकी बिस्किटातील लोणी हे साट्याच्या जातीचे आहे. ते पिठात वेगळे, घट्ट, तुकड्या-तुकड्यांनी राहिले पाहिजे. भट्टीच्या कडक आचेत तुकडा वितळतो, त्यातील पाण्याची वाफ होते, ती वाफ वरचा थर उचलते आणि तिथे पोकळी राहते. लोणी आधीच वितळले तर ते पिठात मुरते आणि आपण नकळत शंकरपाळीचे पीठ करून बसतो. मे महिन्यात माझ्या हातून नेमके हेच झाले होते.

म्हणून घरचे लोणी मी बाजूला ठेवले. ते चवीला कितीही सरस असले तरी त्यात पाण्याचे प्रमाण कधी किती असेल याचा नेम नसतो आणि ते फार लवकर मऊ पडते. पाकिटातील बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेल्यात बहुतेक पाणी आणि थोडे मीठ, आणि हे प्रमाण बदलत नाही. शंभर ग्रॅमचे पाकीट रात्रीच फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि सकाळी कागद अर्धा सोलून, उरलेल्या कागदाला धरून किसणीच्या मोठ्या भोकांवर किसायचे. किसाचे धागे थेट पिठात पडतात, बोटांच्या टोकांनी ते फक्त उलटेपालटे करायचे आणि पुन्हा परात दहा मिनिटे फ्रीजमध्ये. या वेळी पिठाची मूठ वळत असेल तर काम बिघडले आहे. पिठात बटरचे पिवळे धागे स्पष्ट दिसले पाहिजेत, कोथिंबिरीच्या वडीच्या पिठात पाने दिसतात तसे.

पिठाचे दुखणे वेगळे आणि ते मालव्याचे आहे. आमच्याकडचा मालवी कठिया गहू जगात कुठेही मिरवावा असा आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे गव्हाचे केंद्र इंदुरात आहे आणि पूसा तेजससारखे कठिया वाण तिथेच तयार झाले. बाफले आणि चुरमा त्याच गव्हाच्या रवाळ पिठाचे व्हावेत. पण कठिया म्हणजे नावाप्रमाणेच कठीण, प्रथिनांनी भरलेला गहू, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील बिस्किटाला नेमका उलट्या स्वभावाचा, मऊ, कमी प्रथिनांचा गहू लागतो. तिथल्या जुन्या गृहिणी ज्या व्हाइट लिली पिठाच्या नावाने शपथ घेतात, ते १८८३ पासून टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे अशाच मऊ गव्हापासून तयार होऊ लागले. आपल्या मैद्यात त्याहून थोडी जास्त प्रथिने असतात. सियागंजमधून आणलेल्या साध्या मैद्यात थोडा कॉर्नफ्लोअर मिसळला की ती तोड निघते. २६० ग्रॅम मैद्याला २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर हे प्रमाण मला पटले आहे. त्याहून जास्त घातला तर बिस्किट तोंडात पिठूळ लागते.

या मैद्यात एक मोठा चमचा भरून बेकिंग पावडर, पाव लहान चमचा सोडा, अर्धा लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा साखर. सोडा इतका कमी का, असे कोणी विचारील, तर त्याचे कारण ताकात आहे. सोड्याला फुगायला आंबट लागते आणि ताकात जेवढे आंबट असेल तेवढाच सोडा खर्ची पडतो. उरलेला साबण होऊन जिभेवर येतो. बेकिंग पावडरीत आंबटपणाची सोय आधीच केलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पावडर नव्हतीच. १८५६ साली एबेन हॉर्सफर्ड या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने त्यासाठी लागणाऱ्या कोरड्या आम्लाचे पेटंट घेतले. त्याआधीची बिस्किटे फुगवायला दक्षिणेकडे पिठाचा गोळा ओंडक्यावर ठेवून मोगरीने किंवा कुऱ्हाडीच्या पाठीने अर्धा-पाऊण तास बडवत असत, आणि ते काम बडवणाऱ्याच्या इच्छेचे नसे, कारण बहुतेक ठिकाणी तो गुलाम असे. त्या बडवलेल्या बिस्किटाचे वर्णन वाचताना मला आपल्या टोस्टची आठवण होते, मऊ पावाची नाही.

ताकाविषयी एक खुलासा. अमेरिकेत पुठ्ठ्याच्या डब्यात मिळणारे ताक आपल्या ताकासारखे पातळ नसते; ते विरजण लावून दाट केलेले असते. आपले पाणीदार ताक घातले तर पीठ भिजते पण चव उतरत नाही. मी तीन भाग आंबट दही आणि एक भाग थंड दूध रवीने घुसळून घेतो. अदमुरे दही चालत नाही, त्याला धार नसते. आदल्या दिवशीचे, किंचित आंबूस झालेले हवे. वरील पिठाला हे मिश्रण २०० मिलिलिटर लागते. मैद्याचा स्वभाव पाहून चमचा-दोन चमचे इकडे तिकडे होतात.

हे एकदम ओतायचे आणि काट्याने दहा-बारा वेळा फिरवायचे. परातीत जे दिसते ते पाहून कोणाही सुगरणीचा हात शिवशिवेल, कारण गोळा धड झालेला नसतो, कडेला कोरडे पीठ असते आणि मध्ये चिकट गाठी असतात. तसेच ते ओट्यावर पालथे घालायचे, तळव्यांनी दाबून दोन सेंटिमीटर जाडीचा आयत करायचा, पत्राच्या तीन घड्या घालतात तशी घडी घालायची, वळवायचे, पुन्हा दाबायचे. तीन घड्यांत ते आपोआप एकजीव होते. आई ही घडी पाहून समाधानाने म्हणाली, “हां, आता बरोबर. हे चिरोट्याचंच कूळ आहे.” लाटण्याला मी हात लावत नाही.

कापण्याबाबतही तिचेच ऐकले. बिस्किटे गोल कापायची असतात, म्हणून मी वाटी दाबून, नीट सुटावी म्हणून ती पिळत होतो. वाटीची कड जाड आणि बोथट. तिच्याखाली थर चिरडून एकमेकांना चिकटतात आणि पिळले की कडेला शिवणच घातली जाते, मग आतल्या वाफेने उचलायचे म्हटले तरी पापुद्रा उचलत नाही. चिरोट्याची गुंडाळी कापताना सुरी धारदार हवी आणि वरून सरळ खाली यावी, ओढू नये, हे तिने मला बालपणी कधीतरी दिवाळीत सांगितले होते आणि मी ते अर्थातच विसरलो होतो. आता मी कडा किंचित छाटून घेतो आणि मोठ्या सुरीने आठ चौकोन पाडतो. चौकोनांचे आणखी एक सुख म्हणजे छाट पुन्हा मळून दुसरा, नेहमीच कडक होणारा घाणा करावा लागत नाही.

भट्टी २२५ अंशांवर वीस मिनिटे आधी तापलेली हवी. चौकोन एकमेकांना खेटून ठेवायचे. सुटे ठेवले तर पसरतात, खेटून ठेवले तर शेजाऱ्याच्या आधाराने वर चढतात. पंधरा मिनिटांत वरचा रंग जिलबीच्या पाकाला येतो तसा येतो. दार मध्ये उघडू नये. बाहेर काढल्यावर वितळलेल्या बटरचा हात फिरवावा.

आता मागच्या पडवीत येऊ. सॉसेज म्हटल्यावर लोक आतड्याच्या आवरणात भरलेली नळी समजतात, किंवा गोव्याची व्हिनेगरातील, वाळवलेली चोरीस. न्याहारीचे सॉसेज यांपैकी काहीच नाही. तो ताज्या डुकराच्या मांसाचा सुटा खिमा असतो, त्यात मीठ, भरपूर मिरी, लाल मिरचीचे तुकडे आणि सेज नावाच्या झाडाची सुकी पाने, आणि त्यात चरबीचा वाटा पंचवीस ते तीस टक्के असतो. आमच्या घरी बोकडाचे मांस चालते, म्हणून मी दस्तीचा, म्हणजे पुढच्या पायाचा, खिमा आणतो. पहिल्या वेळी खाटकाशी झालेले बोलणे अजून आठवते. मी म्हटले, “कीमा एक ही बार निकालना, मोटा, और चर्बी अलग से साठ ग्राम डाल देना।” सुरी थांबवून तो म्हणाला, “लोग चर्बी निकलवाते हैं, आप डलवा रहे हो?” यंत्रातून दोनदा काढलेला खिमा कबाबाला चांगला, पण सॉसेजला दाताखाली कण लागले पाहिजेत.

बोकडाच्या चरबीत एक खोड आहे. ती डुकराच्या चरबीपेक्षा बऱ्याच जास्त उष्णतेला वितळते, आणि म्हणून घास जरा निवला की टाळूला मेणासारखी चिकटते. सगळी चरबी तीच घातली तर तिसऱ्या घासाला माणूस पाणी मागतो. चारशे ग्रॅम मांसाला साठ ग्रॅम चरबी आणि तीस ग्रॅम किसलेले थंड बटर, अशी तडजोड मी केली आहे. कोंबडीच्या मांडीचा खिमाही करून पाहिला; तो मऊ होतो, पण त्याला मिरीचे ओझे पेलत नाही.

मसाल्याच्या बाबतीत मी पहिल्यांदा जे केले ते सांगायला संकोच वाटतो. आले-लसूण, गरम मसाला, धणे-जिरे, हिरवी मिरची, सगळे घातले आणि उत्तम शामी कबाब करून बसलो. बिस्किटात तो कबाब ठेवून खाल्ला, चव वाईट नव्हती, पण शार्लटची ती सकाळ त्यात कुठेही नव्हती. इथे हात आवरणे हेच कौशल्य आहे. जवळपास पाचशे ग्रॅम मिश्रणाला आठ ग्रॅम मीठ, दीड लहान चमचा जाडसर कुटलेली मिरी, अर्धा चमचा मिरचीचे तुकडे, दोन चमचे सुकी सेज हातावर चुरडून, चिमूटभर जायफळ आणि एक चमचा किसलेला गूळ. गुळाने गोडी येत नाही, तव्यावर रंग येतो. सेज ही पुदिना आणि तुळशीच्या कुळातील आहे, वास थोडा कापराकडे झुकणारा. ती संपली असेल तेव्हा मी अर्धा चमचा ओवा भरडून आणि एक चमचा सुका पुदिना घालतो. ओव्यात आणि युरोपीय स्वयंपाकातील थाइममध्ये थायमॉल हे एकच सुगंधी द्रव्य असते, त्यामुळे तो परका वाटत नाही. पण ती सेजची नक्कल नव्हे, वेगळी चव आहे, आणि आमच्या मुलीला तीच अधिक आवडते.

पीठ जेवढे कमी हाताळायचे, तेवढाच खिमा जास्त मळायचा, ही या न्याहारीतली गंमत आहे. मीठ घालून थंड खिमा दोन मिनिटे जोरात मळला की मिठामुळे मांसातील प्रथिने सुटतात, मिश्रण चिकट होते आणि तळहात उलटा केला तरी गोळा पडत नाही. तिथे थांबायचे. ना अंडे लागते, ना पावाचा चुरा. त्यात दोन चमचे बर्फाचे पाणी घालतो आणि तासभर झाकून थंडीत ठेवतो. चकत्या करण्याआधी सुपारीएवढा तुकडा तव्यावर भाजून चाखून पाहावा, कारण कच्चा खिमा चाखता येत नाही आणि मीठ चुकले तर पुढे उपाय नाही. मग प्रत्येकी साठ ग्रॅमच्या आठ चकत्या, बिस्किटापेक्षा बोटभर रुंद, सेंटिमीटरभर जाड, मध्ये अंगठ्याने किंचित खळगा. मांस आचेवर आकसते आणि मध्ये फुगते. खळगा केला नाही तर तव्यावर चेंडू तयार होतात.

बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवून चकत्या ठेवाव्यात आणि चार मिनिटे त्यांना हात लावू नये. घाईने उलथने घातले की खालचा तांबूस थर तव्यालाच राहतो. उलटून आणखी तीन-चार मिनिटे. खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे. माझ्याकडे स्वयंपाकाचा तापमापक आहे आणि मध्यभागी ७१ अंश दिसल्याशिवाय मी चकती काढत नाही. तव्यात उरलेल्या चरबीत चमचाभर मैदा परतून दूध आणि भरपूर मिरी घातली की पांढरी ग्रेव्ही होते, जी दक्षिणेत बिस्किटावर ओततात. मी ती दोनदा केली. रविवारी सकाळी अकरा वाजता पुन्हा झोप येऊ नये असे वाटत असेल तर करू नये.

जोडणी साधी आहे. बिस्किट सुरीने कापायचे नसते. चांगले झाले असेल तर कडेला मध्येच एक भेग दिसते, तिथे दोन्ही अंगठे घातले की ते आपणहून उघडते. आत गरम चकती, बस्स. तिथे कोणी चीज घालते, कोणी अंडे, कोणी जेलीही घालते. मी चकतीवर चिमूटभर जिरावन भुरभुरतो. ते खिम्यात मिसळायचा प्रयोग फसला होता, कारण त्यातील आमचूर आणि काळे मीठ आचेवर कडवट झाले. पण वरून पडलेले जिरावन चरबीचा जडपणा तोडते, गराडूच्या तळलेल्या कंदावर टाकल्यावर करते तसेच. मुलगी यावर शेवही घालते. मी काही बोलत नाही. इंदुरात शेवेला आडवे जाणे शहाणपणाचे नाही. बायकोचे म्हणणे असे की बिस्किट उत्तम आहे, सॉसेज बरे आहे, आणि ओट्यावरचा मैदा कोण पुसणार ते आधी सांगा.

आई तिचे बिस्किट स्वयंपाकघरातच घेते, पडवीत येत नाही. पहिले नीट जमलेले बिस्किट तिने उघडून प्रकाशाकडे धरले आणि पापुद्रे मोजल्यासारखे केले, मग त्यात साजूक तूप आणि किसलेला गूळ घालून खाल्ले. “खारीच आहे की ही,” ती म्हणाली, “फक्त मऊ.” त्यानंतर कैरीचा मुरांबा लावून दुसरे खाल्ले.

मागील हिवाळ्यापासून मी बिस्किटांचे पीठ दुप्पट करतो. कच्चे चौकोन ताटात सुटे गोठवून मग डब्यात भरले तर महिनाभर राहतात आणि गोठलेलेच थेट भट्टीत जातात, फक्त चार-पाच मिनिटे जास्त लागतात. सॉसेजचे मिश्रण मात्र त्या दिवशी संपेल एवढेच करावे लागते, कारण घरच्या फ्रीजमध्ये ते ठेवायची परवानगी नाही; त्याच्या एका तासाच्या विश्रांतीसाठी पडवीत बर्फाचा डबा ठेवलेला असतो. गेल्या रविवारी मी फ्रीझरमधील चौकोनांचा डबा उघडला, तेव्हा आठांपैकी तीनच शिल्लक होते. बुधवारी दुपारी आईची भिशी आमच्याकडे होती आणि पाच बिस्किटे ‘नव्या तऱ्हेची खारी’ म्हणून मुरांब्याबरोबर वाढली गेली होती, असे चौकशीअंती कळले.